हिरवी रोवलेली मेढ

आईला आमच्या टायपिंग क्लासच्या दारात बघितलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. आई तिथे कधी येत नाही. कुडाळच्या बाजारात येते, एसटी स्टँडवर येते, पण क्लासचा जिना कधी चढत नाही, त्या खडखडाटाने तिचं डोकं उठतं. आणि त्या दिवशी ती दारात उभी होती, पायात बाबांच्या चपला, केस ओले, तसेच गुंडाळलेले. मी वेगाचा उतारा मारत होते, सर घड्याळ धरून मागे उभे होते आणि माझे हात थांबेनात. खरंच थांबेनात... मी आईकडे बघतेय आणि बोटं आपली चाललीच आहेत. आई म्हणाली, "चल." मी म्हटलं, "वालावल?" ती म्हणाली, "चल गो." मग बोटं थांबली. कागद मशीनमध्ये तसाच राहिला, अर्ध्या शब्दावर.

सुमनताई गेली. माझ्या वालावलच्या मामाची एकुलती एक मुलगी. कावीळ झाली होती, बरी होतेय असं सगळे म्हणत होते आणि गुढीपाडव्याच्या तोंडावर गेली. आता महिना उलटून गेलाय. मी हे लिहितेय कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवतच नाहीये. घरात विषय काढला की आई उठून भांडी घासायला लागते, घासलेली भांडी परत घासते. बाबा अंगणात जातात. म्हणून तुम्हाला सांगते.

सुमनताईबद्दल सांगायचं तर आधी तिच्या खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या, झाडाबद्दल सांगावं लागतं, आणि नेमका याचाच तिला भयंकर राग यायचा. "माझ्याबद्दल सांग मगे, झाडाचा काय सांगतंस?" म्हणायची. पण काय करू, त्याच्याशिवाय सांगताच येत नाही. ते झाड गिरीपुष्पाचं. तुम्ही बघितलं असणारच, नाव माहीत नसेल कदाचित. शेताच्या मेरेवर, म्हणजे बांधावर, कुंपणाला, कुठेही असतं. पाला शेतात टाकला की चांगलं खत होतं म्हणून शेतकी खात्याने त्याचे खुंट, म्हणजे लावायला तोडलेल्या फांद्या, गावोगाव वाटले होते. साल कुटून भातात कालवून ठेवली की उंदीर मरतात, म्हणून काहीजण त्याला उंदीरमारी म्हणतात. माघ-फाल्गुनात सगळी पानं झडतात आणि नुसते गुलाबी तुरे राहतात. आणि मुख्य म्हणजे ते मरत नाही. ओली फांदी तोडायची, जमिनीत खुपसायची, वरच्या कापलेल्या टोकाला शेणाचा गोळा लावायचा म्हणजे ऊन लागून सुकत नाही... बस. काठीचं झाड होतं. मामाने आपल्या मेरेवर ओळीने लावली होती आणि त्याला त्यांचं फार कौतुक होतं. पाहुणा आला की आधी मेरेवर न्यायचा, चहा मग.

सुमनताईचं लग्न ठरलं तेव्हा मी लहान होते. मुलगा फोंडाघाटचा, घरचं दुकान, दिसायला बरा. मला आठवतं ते माझ्या नव्या फ्रॉकची झालर आणि मुहूर्तमेढीच्या सकाळचा गोंधळ. मेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब. पूजा करून, आंब्याचा टाळ, पानांची डहाळी, बांधून रोवतात आणि लग्न लागलं, पाहुणे पांगले की मांडवाबरोबर काढतात. त्यासाठी वासा काढून ठेवला होता तो निघाला वाळवी लागलेला. भटजी पाटावर येऊन बसलेले. सगळे म्हणाले, दुसरा एखादा वासा बघा. मामाला मुलीच्या लग्नात जुनापाना वासा नको होता. तो कोयती घेऊन मेरेवर गेला आणि गिरीपुष्पाची सरळसोट फांदी तोडून खांद्यावरून घेऊन आला, टोकाला थोडी पानं तशीच. "बघा कशी आसा! टवटवीत! माझ्या चेडवासारखी!" सगळे हसले. सुमनताई आतून ओरडली, "बाबानूं, माका खांब म्हणतात काय?" अजून हसले. मेढ रोवली.

दोन-तीन दिवसांतच फोंडाघाटहून माणूस आला. नवऱ्यामुलाचे वडील अचानक गेले. सुतक. लग्न पुढच्या वर्षी. यात कुणाचा काही दोष नव्हता, हे मी सारखं स्वतःला सांगते, कुणाचाच नव्हता. पावसाआधी मांडव उतरवला, झावळ्या उतरवल्या, बाकीचे खांब काढले. मेढ मात्र मामाने काढू दिली नाही. मेढ काढली म्हणजे लग्न मोडलं, आणि लग्न मोडलं नव्हतं, पुढे गेलं होतं. त्याचं बरोबरच होतं, नाही का? भटजीही हेच म्हणाले. मग पाऊस लागला आणि मेढीला पालवी फुटली. तुम्हाला खरं वाटणार नाही, सगळ्यांना आनंद झाला! अख्खी वाडी बघायला आली. शकुन म्हणाले. मामाने त्या मेढीला नारळ फोडला. वर्षभर ती वाढली, आणि पुढच्या मे महिन्यात कळलं की फोंडाघाटच्या मुलाने दुसरीकडे लग्न करूनसुद्धा टाकलं.

तिथून पुढे ते झाड नुसतं झाड राहिलंच नाही. लग्न लागल्याशिवाय मेढ काढायची नाही आणि पहिली मेढ उभी असताना दुसरी रोवायची नाही. या दोन गोष्टींच्या मध्ये सुमनताई अडकली ती अडकलीच. स्थळं येत. चहा पिता पिता कुणीतरी विचारी, "खळ्यातला झाड कसला?" आणि वाडीतलं कुणीतरी सांगून टाकी. मग पोहे तसेच राहत. दुसऱ्या मुलाच्या मेढीखाली आपला मुलगा कसा उभा करायचा? एका स्थळाने स्पष्ट सांगितलं, झाड तोडा, आम्ही तयार आहोत. मामा तोडायला धजला नाही. त्याला वाटायचं, आपल्या हातून काहीतरी वाईट घडेल आणि ते तिच्यावर येईल. त्याला तिची काळजी होती म्हणूनच तोडत नव्हता, हेच तर भयंकर आहे...

शेवटी एकदा मामा बाजाराला गेलेला बघून तिने स्वतः कोयती घेतली आणि झाड बुंध्याशी तोडलं. काय झालं असेल सांगा! श्रावणात त्याच बुंध्यातून धुमारेच धुमारे. मी राखीपौर्णिमेला गेले तर ती ओटीवर बसून सुपारी कातरत होती. मला म्हणाली, "बघ गो, एकटो होतो तो बरो होतो. आता भावांका घेवन इलो." आणि हसत सुटली. ती झाडाला घोव म्हणायची, नवरा. "माझो घोव खळ्यात उभो आसा. चाय मागणा नाय, रागावणा नाय, दारू पिणा नाय. तुमच्या घोवांपेक्षा बरो." विहिरीवर बायकांना असं सांगायची आणि बायका आधी हसायच्या, मग कळशी उचलून जायच्या. तिला सगळं कळायचं. पाठीमागे वाडीत तिला मेढीवाली म्हणत, तेही तिला माहीत होतं.

मला हे सांगायचंय की ती रडकी नव्हती. प्लीज असं समजू नका. ती भराभर चालायची, आमची आई मागून धापा टाकायची. देवळाच्या तळ्यात मला पोहायला तिने शिकवलं, मी ओरडत असताना हात सोडून दिला आणि काठावर बसून शेंगदाणे खाल्ले. मी मॅट्रिकनंतर टायपिंगला नाव घातलं तर सगळ्यात जास्त खूश ती. एका बाजाराच्या दिवशी जिना चढून थेट क्लासमध्ये आली. सरांना वाटलं नवीन विद्यार्थिनी, खुर्ची दिली! ती बसली पण. मला म्हणाली, "माझा नाव मार." मी मारलं. "झाला? इतक्यात? परत मार, माका दिसाकच नाय." मी परत मारलं. मग तिने खालच्या लांब पट्टीला अंगठा लावला. "ह्या कसला बटण?" म्हटलं, दोन शब्दांच्या मध्ये मोकळी जागा सोडायचं. ती बघतच राहिली. "मोकळी जागा सोडूक पण बटण लागता?" म्हणाली आणि नखाने त्या पट्टीवर टकटक केलं. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख ती मुद्दाम वाढवायची. त्याने खुंट खरवडून बघायची. नखाने साल जराशी काढली आणि आत हिरवं दिसलं की जिवंत, तपकिरी दिसलं की गेला.

आता खरी गोष्ट सांगते. तिला लग्नाचं काही राहिलं नव्हतं, निदान शेवटची काही वर्षं. तिला एकच पाहिजे होतं, की कुणीतरी त्या झाडाचा एक खुंट न्यावा आणि आपल्या दारात लावावा. बस. मी एकदा विचारलं, कशाला एवढी मागे लागतेस लोकांच्या? ती खळं सारवत होती. हात न थांबवता म्हणाली, "आमच्याच खळ्यात आसा तवसर ती मेढ. दुसऱ्याच्या दारात लागली काय झाड." मग सारवत मागे मागे सरकत दारापर्यंत गेली आणि तिथूनच म्हणाली, "माका खळ्यात झाड होया गो. लोकांच्या खळ्यात असता तसा."

म्हणून ती दरवर्षी पावसाच्या तोंडावर खुंटांचा भारा बांधून कुडाळच्या बाजारात आणायची. कोकम आणि वाल विकायला मांडायची आणि बाजूला खुंट. फुकट. गेल्या वर्षी मी तिच्याबरोबर बसले होते. "घेवा गो, कुंपणाक लावा, आठ दिवसांत धरता. शेळ्येक पालो, शेताक खत!" एका बाईने दोन खुंट उचलले, पिशवीत घातलेसुद्धा. सुमनताईचा चेहरा काय झाला सांगू... तेवढ्यात तिच्याबरोबरची म्हणाली, "अगो ठेव थय. वालावलची ती न्हय? मेढीवाली?" बाईने पिशवीतून खुंट काढले. आणि परत टाकले नाहीत, खाली वाकून नीट ठेवले, जोडून. त्या नीट ठेवण्याने मला जास्त लागलं. सुमनताई म्हणाली, "वाल तरी घे मगे. वाल काय्येक करणत नाय." बाई वालही न घेता गेली.

त्या दिवशी तिने उरलेल्यातला एक खुंट आमच्या घरी आणला. आईच्या हातात दिला, म्हणाली, "आते, न्हाणयेच्या मागे लाव. कोणाक दिसाचा नाय." आई हो म्हणाली. ती गेल्यावर मी कुदळ घेऊन खड्डा काढायला गेले तर आईने हात धरला. "घरात लग्नाचा चेडू आसा," म्हणाली. म्हणजे मी! मी भांडले, खूप भांडले, दोन दिवस जेवले नाही. आईने तो खुंट पाणी तापवायच्या चुलीत घातला. ओलं लाकूड, नुसता धूर. आणि नशीब बघा, सुमनताई छत्री विसरली होती, ती घ्यायला परत आली. परसात धूर कोंडलेला, आई डोळे पुसतेय. सुमनताईने चुलीकडे बघितलं. छत्री घेतली. म्हणाली, "आते, ओला जाळू नको, डोळे जातले तुझे." आणि गेली. त्यानंतर पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही. आई तेव्हापासून तिला डबे पाठवायची, लाडू, चकल्या. ती डबे धुऊन, रिकामे नकोत म्हणून आत कोकमं घालून परत द्यायची.

मी तिला शेवटचं भेटले ते वालावलला, तिच्या खाटेवर. डोळे हळदीसारखे. मामा काढा घेऊन उभा, डॉक्टरांच्या गोळ्या उशाशी. मला बघून म्हणाली, "बघ, लग्नात एक दागिनो घालूक गावाक नाय, आता अख्खी सोन्याची झालंय." मला हसायला येईना. खिडकीतून झाड दिसत होतं, एकही पान नाही, नुसती फुलं. तिने माझा हात घेतला आणि माझी नखं बघितली. टायपिंगसाठी सगळी कापलेली. "एक वाढव," म्हणाली. "आणि या टायमाक मिया मेलंय-जगलंय तरी खुंट ने. आतेक सांगू नको." मी हो म्हटलं. मग हळू आवाजात म्हणाली, "आणि लावल्यार सारखा खरवडून बघू नको. बघता बघता मारशीत." मला वाटलं, जूनमध्ये नेऊ, दोघी मिळून नेऊ...

तिला नेलं तेव्हा फुलं पडलेली होती खळ्यात, त्यांच्यावरूनच माणसं चालली. दिवसकार्य झालं आणि भटजींनी मामाला सांगितलं, आता मेढ काढायला हरकत नाही. आता! मी ओटीवर उभी होते, मला ओरडावंसं वाटलं, आता कशाला? मामा कोयती आणि पहार घेऊन आला. कुणालाही हात लावू दिला नाही. फांद्या तोडल्या, बुंधा तोडला, मग पहारीने मुळं उकरत बसला. मुळं ओटीच्या जोत्याखाली गेलेली. घामाने निथळत होता, पहार चिऱ्यावर आपटत होती. मी म्हटलं, मामा पुरे. त्याने ऐकलं नाही. मग एकदम खड्ड्याच्या काठावर बसला, पाय खड्ड्यात. म्हणाला, "हिरवी रोवलंय गो मी. सुकी रोवलंय असतंय तर एका पावसात कुसान पडली असती. कोणाक उपटूची लागाक नसती. माझा चेडू मोकळा झाला असता." पहार बाजूला टाकून म्हणाला, "माकाच टवटवीत होयी होती." मोठा माणूस असा तोंड उघडं टाकून रडतो ते मी पहिल्यांदा बघितलं. भरदुपारी, सगळ्यांसमोर. कुणी जवळ गेलं नाही. मग त्यानेच तोडलेल्या फांद्यांतून जाड खुंट निवडले, सुंभाने बांधले आणि भारा माझ्याकडे सरकवला. मी मागितले नव्हते. तिने त्यालाही सांगितलं असणार.

एसटीत कंडक्टर म्हणाला, "काय गो, कुडाळात सरपण मिळणा नाय?" मी म्हटलं, मिळत नाही. घरी आले आणि न्हाणीच्या मागे नाही, सरळ अंगणात खड्डे काढले. आई दारात उभी राहून बघत होती. मी मनाशी ठरवलेलं, आज काही बोलली तर... ती बोलली नाही. पण हा उन्हाळा! जमीन तापलेली, पावसाचा पत्ता नाही. जे झाड कुठेही खुपसा जगतं म्हणून प्रसिद्ध, ज्याला कोयतीने तोडून मरण आलं नाही, ते माझ्या हाताने धरेना. मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालते. एक एक करून सुकले. नखाने खरवडलं की आत तपकिरी. माझ्या अंगठ्याचं नख आता वाढलंय. क्लासमध्ये सर रोज सांगतात कापून ये, मी उद्या म्हणते. आता एकच खुंट राहिलाय. वालावलचं झाड गेलं, मुळं मामाने जाळली, बाजारातून कुणी नेलं नाही, म्हणजे तिचा म्हणून जो काय आहे तो हा एक. पान नाही, डोळा नाही. मी रोज खरवडते. मला माहितेय खरवडू नये, तिने सांगितलंय, पण हात जातोच, मी झोपेतून उठते आणि आधी तिथेच जाते. परवापर्यंत हिरवं होतं. खालपासून वरपर्यंत माझ्या नखाच्या खुणा झाल्यात, कोरी जागा शोधावी लागते.

परवा सकाळी गेले तर टोकाला ताजा शेणाचा गोळा. मी लावलेला कधीच वाळून पडला होता. आजूबाजूला ओलं, वर नारळाच्या झावळीची सावली केलेली. मी खरवडायला वाकले आणि मागून आईचा आवाज आला, "खरवडू नको गो. मरात ता." मी वळून बघितलं तर ती तांदूळ निवडत होती, मान खाली. दुपारी शेजारच्या काकी आल्या. खुंटाकडे बघून म्हणाल्या, "ह्या काय गो लावलंस दारात? थयला तर नाय मां... वालावलचा?" आई म्हणाली, "झाड आसा." काकी म्हणाल्या, "अगो पण कसला?" आई म्हणाली, "कसला म्हणजे? झाड. लोकांच्या खळ्यात असता तसा." सुमनताईचं ते बोलणं मी आईला कधीच सांगितलेलं नाही. तिने आईलाही सांगितलं असेल? कधी? डबे देता-घेता? मी विचारायला गेले तर आई भांडी घेऊन बसली होती, घासलेलीच.

एवढं मला सुमनताईला सांगायचं होतं. दुसरं काही नाही, फक्त आई झाड म्हणाली एवढंच. ते ऐकायला ती नाही आणि खुंटही अजून फुटलेला नाही. काल खरवडून नाही बघितलं, आजही नाही. हे क्लासच्या मशीनवर मारतेय, सर आज ओरडत नाहीत. वाढलेलं नख लांब पट्टीवर आपटतं, प्रत्येक शब्द संपला की टक... शब्द, टक, शब्द, टक. बाजूची मुलगी वैतागून बघतेय. मी काय करू, मोकळी जागा सोडायची तर अंगठा तिथेच पडतो.